रान, वर्ग आणि विज्ञानाचा पाया : चंद्रपूर-गडचिरोलीतील शालेय विज्ञानशिक्षणाचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

विज्ञानातील मूलभूत संकल्पना विद्यार्थ्यांच्या मनात कशा रुजतात, हा प्रश्न शिक्षणशास्त्रात जुना आहे. मात्र चंद्रपूर आणि गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत त्याला काही वेगळे पदर आहेत. मूलभूत संकल्पना म्हणजे जिच्यावाचून पुढची संकल्पना उभी राहू शकत नाही अशी पायाची कल्पना. भौतिकशास्त्रात बल, दाब, उष्णता, ऊर्जा, तर जीवशास्त्रात पोषण, श्वसन, पेशी, आनुवंशिकता या त्या जातीच्या कल्पना होत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा दोन-तृतीयांशाहून अधिक जंगलाने व्यापलेला आहे. चंद्रपुरात एका बाजूला ताडोबाचे जंगल, तर दुसऱ्या बाजूला कोळशाच्या खाणी आणि २,९२० मेगावॉट क्षमतेचे महाऔष्णिक विद्युत केंद्र आहे. या भागातील मुलांच्या घरी झाडीबोली, गोंडी, माडिया, कोलामी, सिरोंच्याकडे तेलुगू, चामोर्शी-मुलचेऱ्याकडे बंगाली आणि कोरचीकडे छत्तीसगढी बोलली जाते, आणि पाठ्यपुस्तक मात्र बहुतेकांच्या हाती प्रमाण मराठीतले पडते.

या परिस्थितीविषयी दोन परस्परविरोधी विधाने नेहमी केली जातात. एक असे की, रानात वाढलेल्या मुलाला विज्ञान आधीच येत असते, शाळेने फक्त त्याला शब्द पुरवायचे असतात. दुसरे असे की, या मुलाच्या घरी विज्ञानाला पूरक असे काहीच नसते, त्यामुळे सारे शून्यापासून उभारावे लागते. दोन्ही विधानांत ‘विज्ञान’ हा एकच गठ्ठा मानला जातो. वस्तुतः परिसराचा अनुभव काही संकल्पनांना हात देतो आणि काहींची वाट अडवतो, आणि कोणता अनुभव कोठे काय करतो हे पाहिल्याशिवाय या वादाचा निवाडा करता येत नाही.

पार्श्वभूमी

परिसर आणि हस्तकौशल्य यांतून शिक्षण द्यावे हा विचार चंद्रपूरच्या शेजारच्याच वर्धा जिल्ह्यात, १९३७ च्या ऑक्टोबरमधील शिक्षण परिषदेत ‘नई तालीम’ या नावाने मांडला गेला. मराठीतून विज्ञान लोकांपर्यंत नेण्याचा प्रवाह वेगळा होता. पुण्याचे ‘सृष्टिज्ञान’ मासिक १९२८ पासून आणि मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून हे काम करीत आली. १९६७ मध्ये ‘बालभारती’ स्थापन झाल्यावर राज्यभर एकच पाठ्यपुस्तक ही व्यवस्था रूढ झाली. मुंबईत १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. त्याआधी दोन वर्षे, १९७२ मध्ये, मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा शाळांत प्रयोगांवर आधारलेला विज्ञान शिक्षण कार्यक्रम आरंभला गेला होता.

प्रत्यक्ष या दोन जिल्ह्यांत सरकारी पातळीवर आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा आणि जिल्हा परिषदेच्या शाळा हाच मुख्य आधार राहिला. स्वयंसेवी प्रयत्नांत भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे १९७३ मध्ये सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाची १९७६ ची आश्रमशाळा विशेष उल्लेखनीय आहे. प्रौढांच्या बाजूने पाहिल्यास धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाचे ‘अभ्यास गट’ महत्त्वाचे ठरतात. जंगल, बांबू, मध यांविषयीचे निर्णय घेण्याआधी गावकऱ्यांनी एकत्र बसून अभ्यास करायचा ही रीत तेथे रुळली, आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील अगदी पहिल्या गावांत त्याची गणना झाली. शाळेबाहेर विज्ञान शिकण्याचे हे उदाहरण शालेय चर्चेत फारसे आणले जात नाही, ही एक उणीवच म्हणावी लागेल.

अनुभव : आधार आणि अडथळा

मुलांच्या जीवशास्त्रीय समजेविषयीची चर्चा प्रायः सुसान केरी यांच्या १९८५ च्या मांडणीपासून सुरू होते. लहान मूल सजीवांचा विचार माणसाला केंद्रस्थानी ठेवून करते आणि दहाव्या वर्षाच्या आसपास ही दृष्टी बदलते, असा तिचा आशय होता. पुढे डग्लस मेडिन, स्कॉट अॅट्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील मेनॉमिनी आदिवासी व ग्रामीण मुलांचा अभ्यास केला, तेव्हा माणूसकेंद्री विचार हा वयाचा नव्हे तर शहरी राहणीचा परिणाम असू शकतो असे दिसून आले. जंगलाजवळची मुले प्राण्यांचा विचार ‘कोण कोणाला खातो, कोण कोठे राहतो’ अशा संबंधांतून करीत होती. हा निष्कर्ष जसाच्या तसा भामरागडला लावणे घाईचे होईल, पण दिशा सुचवणारा तो नक्कीच आहे. पाठ्यपुस्तकातील गवत, हरीण, वाघ अशी सरळ अन्नसाखळी ताडोबालगतच्या गावातील मुलाला अपुरी वाटण्याचा संभव मोठा, कारण त्याच्या डोळ्यांपुढे वाघ गोठ्यातले जनावरही नेतो, रानकुत्रे चितळ पाडतात आणि रानडुकरे धानात शिरतात. साखळीऐवजी अन्नजाळे ही कल्पना अशा वर्गात सहज उतरावी.

बांबूचे उदाहरण आणखी जवळून पाहण्याजोगे आहे. पावसाळ्यात जमिनीतून निघणारा बांबूचा कोवळा कोंब, ज्याला या भागात वास्ता म्हणतात आणि ज्याची भाजी होते, तो बाहेर पडतानाच पुढच्या बांबूच्या जाडीचा असतो. नंतर तो उंच होतो, पण सागासारखा वर्षागणिक जाड होत नाही. बांबू हे झाड नसून गवत आहे, हे विधान पुस्तकात वाचून पाठ करावे लागते. मात्र वास्त्याची जाडी आणि शेजारच्या पूर्ण वाढलेल्या बांबूची जाडी दोरीने मोजून पाहिली, तर गवताचे खोड आणि वृक्षाचे खोड यांच्या वाढीतला फरक विद्यार्थ्याच्या हाताला लागतो. डॉ. राणी बंग यांच्या ‘गोईण’ या पुस्तकात गडचिरोलीतील बायकांचे झाडांविषयीचे ज्ञान नोंदलेले आहे, आणि २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी लोकांच्या जैवविविधता नोंदवह्या तयार करायच्या असतात. या दोन्हींतून शालेय साहित्य घडू शकते, असे परिसरवादी, म्हणजे परिसराच्या अनुभवावर शिकवणे उभारावे या भूमिकेचे, अभ्यासक मानतात.

परंतु जीवशास्त्राच्याच दुसऱ्या टोकाला हाच अनुभव आडवा येतो. झाड आपले अन्न मातीतून खाते ही जगभर आढळणारी समजूत धानाच्या प्रदेशात अधिकच घट्ट होते, कारण रोवणीनंतर खत टाकले की धान हिरवेगार होते हे मूल दरवर्षी पाहते. सतराव्या शतकात व्हान हेल्मॉन्ट यांनी कुंडीतील विलोचे रोप पाच वर्षे वाढवले, तेव्हा झाडाचे वजन सुमारे १६४ पौंडांनी वाढले आणि मातीचे जेमतेम काही औंसांनी घटले. सागाच्या ओंडक्याचे बहुतेक वजन हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांतून आलेले असते, ही गोष्ट जंगलात राहून कोणालाही दिसत नाही. शब्दही साथ देत नाहीत. बोलीत ‘प्राणी’ म्हणजे चार पायांचे जनावर, पक्षी वेगळे, किडे वेगळे, आणि माणूस तर प्राणी नव्हेच. शास्त्रात मात्र हे सारे एकाच सृष्टीत बसतात. ‘श्वसन’ आणि ‘श्वासोच्छ्वास’ यांतला फरक, म्हणजे पेशीत अन्नापासून ऊर्जा मोकळी होणे आणि छातीचे वरखाली होणे यांतला फरक, हा असाच न दिसणाऱ्या जगातला आहे.

भौतिकशास्त्रात हा झगडा उघड होतो. बैल थांबले की बंडी थांबते, त्यामुळे गती टिकवायला सतत जोर लावावा लागतो हा निष्कर्ष अनुभवाने शंभरदा सिद्ध झालेला असतो. आणि नववीच्या ‘गतीचे नियम’ या प्रकरणात विद्यार्थ्याला नेमके याच्या उलट मान्य करायचे असते. रोझालिंड ड्रायव्हर यांनी १९८० च्या दशकात अशा पूर्वकल्पनांना पर्यायी चौकट मानले, जी मोडून नवी उभी करावी लागते. आंद्रेआ डिसेसा यांच्या मते मात्र मुलाच्या मनात अशी सलग चौकट नसते, अनुभवाचे सुटे तुकडे असतात, आणि शिक्षणाचे काम ते मोडण्याचे नसून नीट जुळवण्याचे असते. इंद्रावतीच्या संथ पाण्यात डोंगा बांबूने रेटून हात थांबवला तरी काही अंतर जातोच, हा तुकडाही त्याच मुलाजवळ असतो. बंडी आणि डोंगा शेजारी ठेवले की घर्षणाचा विचार आपोआप पुढे येतो. या जिल्ह्यांपुरते पाहता डिसेसांची बाजू अधिक उपयोगाची वाटते, निदान साधने तरी तिच्या बाजूने आहेत.

दाबाच्या बाबतीत तर अनुभव शास्त्राच्या बाजूचाच आहे. पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलावांची पाळ तळाशी रुंद आणि माथ्याशी अरुंद असते. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो हे तत्त्व लिहून न ठेवताही ती बांधणाऱ्यांनी पाळले होते, आणि पाणी सोडायच्या तुडुमाची खालची भोके उघडली की धार जोरात का येते याचे उत्तरही तेच आहे.

उष्णतेचे प्रकरण मात्र वेगळाच चकवा देते. धातूचा तुकडा आणि लाकडाचा तुकडा एकाच तापमानाला असूनही धातू गार लागतो, कारण तो हातातील उष्णता लवकर वाहून नेतो, असा नेहमीचा प्रयोग आहे. चंद्रपुरात मे महिन्यात सावलीतले तापमान ४५ अंशांच्या आसपास, म्हणजे त्वचेच्या तापमानाच्या बरेच वर असते, तेव्हा उष्णता उलट दिशेने वाहते आणि तोच धातू लाकडापेक्षा जास्त तापलेला लागतो. पुस्तकातले वाक्य खोटे ठरते आणि तत्त्व मात्र अधिक पक्के होते. एकच प्रयोग हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात करून पाहण्याची अशी सोय थंड हवेच्या गावाला नाही.

औष्णिक केंद्राच्या परिसरातील मुलांपुढे आणखी एक दृश्य असते. शीतकरण मनोऱ्यांतून निघणारे पांढरे लोट धूर समजले जातात, पण ते मुख्यतः पाण्याचे सूक्ष्म थेंब असतात. धूर उंच, सडपातळ चिमणीतून जातो. बाष्पीभवन, संघनन आणि उष्णतेचा अपरिहार्य व्यय या तिन्ही कल्पना त्या एका दृश्यात आहेत.

याच कल्पनांचे सर्वांत घरगुती उदाहरण म्हणजे मोहाची दारू गाळणे. ऊर्ध्वपातनाचे, म्हणजे उकळून वाफ करून ती पुन्हा थंड करण्याच्या क्रियेचे, ते अचूक प्रात्यक्षिक आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी असल्याने शिक्षकाला ते फळ्यावर काढता येत नाही, आणि मग मिठाच्या पाण्यावर भागवावे लागते.

भाषेचा पेच

होमी भाभा केंद्राचे वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई महापालिकेच्या मराठी शाळांत काम करून, १९८० च्या सुमारास असे दाखवून दिले की, विज्ञानातील अपयशाचा मोठा भाग हा प्रत्यक्षात भाषेच्या अडचणीचा असतो. पुस्तकाची भाषा सोपी केली की आकलन सुधारते. यावर आक्षेप असा घेतला जातो की, परिभाषा ही केवळ अवघड शब्दांची रास नसून विचारांतील भेद टिकवण्याचे साधन असते. बोलीत जोर, ताकद आणि शक्ती हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात. शास्त्रीय मराठीत ‘बल’ म्हणजे ढकलणे किंवा ओढणे, ‘ऊर्जा’ म्हणजे कार्य करण्याची क्षमता आणि ‘शक्ती’ म्हणजे कार्य करण्याचा दर. हे तिन्ही शब्द वगळून सोपेपणा साधला, तर संकल्पनाच पुसली जाते. आठवडी बाजारात वजन किलोत होते आणि वर्गात किलो हे वस्तुमानाचे एकक ठरते, ही अडचण भाषा सोपी करूनही उरतेच.

कुलकर्णींच्या कामातील विद्यार्थी मराठी शाळांतले होते. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलासाठी मराठीच दुसरी भाषा असते, आणि तीही त्याच्या भाषेच्या द्रविड कुळाबाहेरची. येथे तीन भूमिका दिसतात. पहिलीनुसार सुरुवातीची वर्षे मातृभाषेतून शिकवून हळूहळू मराठीकडे यावे. हेमलकशाच्या शाळेत आणि शासकीय पातळीवरही माडिया-गोंडीतून प्राथमिक साहित्य तयार झाले, ते या विचाराने. दुसरी भूमिका मातृभाषेलाच शिक्षणाचे माध्यम मानते. धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली आणि तिच्या मान्यतेचा वाद न्यायालयापर्यंत गेला. तिसरी भूमिका पालकांत अधिक आढळते. पुढचे शिक्षण आणि प्रवेश परीक्षा डोळ्यांपुढे ठेवून विज्ञान व गणित इंग्रजीतून, म्हणजे सेमी इंग्रजी पद्धतीने, शिकवावे असे तिचे म्हणणे असते. या तिन्ही बाजूंना आपापले तर्क आहेत. पण ‘प्रकाशसंश्लेषण’ आणि ‘फोटोसिंथेसिस’ हे दोन्ही शब्द माडिया मुलाला सारखेच परके आहेत, याची दखल पहिल्या दोन बाजूंनी पुरेशी घेतलेली दिसत नाही, आणि सभोवतीचे वाक्य तरी कळावे याची दखल तिसरीने.

शोधावे की सांगावे

होशंगाबादच्या कार्यक्रमात विद्यार्थ्यांनी टोळ्या करून प्रयोग करावेत, निरीक्षणे लिहावीत आणि निष्कर्ष स्वतः काढावेत अशी पद्धत होती. १९८२ पासून ‘एकलव्य’ संस्थेने तो सांभाळला आणि २००२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने तो बंद केला. अरविंद गुप्ता यांची टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करण्याची परंपरा याच वातावरणातून निघाली आणि पुढे पुण्यातून महाराष्ट्रभर पसरली. होमी भाभा केंद्राच्या ‘हलकं-फुलकं विज्ञान’ या प्राथमिक पुस्तकमालेतही निरीक्षणावर भर आहे. दुसऱ्या बाजूला किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये असे प्रतिपादन केले की, नवख्या विद्यार्थ्याला मार्गदर्शनाविना शोधायला सोडले तर त्याच्या मर्यादित स्मरणशक्तीवर ताण येतो आणि शिकणे उलट मंदावते. वर चर्चिलेल्या उदाहरणांचा कौल मध्ये कोठेतरी पडतो. पाळ, डोंगा, वास्ता यांतून मूल बरेच काही स्वतः काढू शकते. परंतु झाडाचे वजन हवेतून येते, हे कितीही निरीक्षण केले तरी कोणीतरी सांगितल्यावाचून सुचणे कठीण.

सिकलसेल : दोन शास्त्रांची गाठ

या भागात जीवशास्त्राची संकल्पना पुस्तकात राहू शकत नाही असे सर्वांत ठळक उदाहरण सिकलसेलचे आहे. रक्तातील हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदलते, त्यामुळे ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी विळ्यासारखी वाकते. हा रोग रेणूच्या पातळीवरचा असल्याचे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले. प्राथमिक तपासणीत रक्ताचा थेंब द्रावणात टाकून नळीमागे रेषा आखलेला कागद धरतात. द्रावण गढूळ होऊन रेषा दिसेनाशा झाल्या, तर सिकल हिमोग्लोबिन आहे. मात्र व्यक्ती वाहक आहे की ग्रस्त, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी विद्युत क्षेत्रात हिमोग्लोबिनचे रेणू सरकवून पाहतात. बदललेल्या रेणूवरील प्रभार वेगळा असल्याने तो वेगळ्या वेगाने सरकतो. पेशीचा आकार, प्रभार आणि विद्युत क्षेत्र अशी जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्र यांची गाठ एका चाचणीत पडते. आफ्रिकेत अँथनी अॅलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवलेला मलेरियाशी असलेला संबंध, म्हणजे वाहकांना तीव्र मलेरियापासून मिळणारे काही प्रमाणातले संरक्षण, हा मलेरियाग्रस्त गडचिरोलीत नैसर्गिक निवडीचा पाठ म्हणून शिकवता येतो.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले, आणि शाळा हे तपासणीचे स्वाभाविक ठिकाण ठरले. वादाचा मुद्दा असा की, आपण वाहक आहोत हे मुलाला संकल्पना समजण्याआधी कळावे की नंतर. दोन्ही पालक वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात अपत्य ग्रस्त असण्याची शक्यता एक-चतुर्थांश असते. याचा अर्थ ‘चार मुलांत एकालाच होणार’ असा लावला जातो आणि पहिले मूल ग्रस्त निघाले की पुढची तीन सुटली असे मानले जाते. आनुवंशिकतेचा पाठ मात्र नववी-दहावीत येतो. तो अलीकडे आणावा असे आरोग्याच्या बाजूने म्हटले जाते. तर अर्धवट समजुतीतून वर्गातच शिक्का बसेल आणि लग्नाच्या वेळी मुलींना तो अधिक जाचेल, अशी भीती दुसऱ्या बाजूने व्यक्त होते.

उत्क्रांतीविषयी थोडेच सांगता येईल. राष्ट्रीय पातळीवर एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून हा भाग वगळल्यावर २०२३ मध्ये मोठी चर्चा झाली, तर राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हे प्रकरण आहे. पुरावाही जवळच आहे. सिरोंचा तालुक्यात वडधम येथे जीवाश्म उद्यान आहे, आणि वरोरा तालुक्यातील पिसदुरा येथे मिळालेल्या डायनोसॉरच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष आढळल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर गवताच्या उगमाचा काळ मागे न्यावा लागला.

अनिर्णित मुद्दे

परिसरवादी भूमिकेने गृहीत धरलेला रानाशी परिचय कितपत उरला आहे, हा पहिला प्रश्न आहे. सहाव्या-सातव्या वर्षी आश्रमशाळेत आलेले मूल वर्षातील बहुतेक काळ गावाबाहेर असते, म्हणून ज्या अनुभवावर शिकवणे उभारायचे तो अनुभव शाळाच आटवत असण्याचा संभव आहे. दुसरा प्रश्न लोकज्ञान आणि विज्ञान यांच्या नात्याचा. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी २०१३ मध्ये गोंडांच्या आकाशज्ञानाची नोंद प्रसिद्ध केली. त्यात सप्तर्षीची चौकट ही बाज आणि शेपटीचे तारे हे तिचे चोर आहेत. वर्गात हे सप्तर्षीचे दुसरे नाव म्हणून सांगायचे, की ताऱ्यांच्या फिरण्यावरून रात्रीची वेळ ओळखण्याची एक पद्धत म्हणून तपासायचे, यावर एकमत नाही. पहिल्याने सन्मान राखला जातो, दुसऱ्याने विज्ञान शिकवले जाते, आणि दोन्ही एका तासिकेत बसवणे वाटते तितके सोपे नसते.

तिसरा प्रश्न दिनदर्शिकेचा आहे आणि तो सर्वांत कमी चर्चिला गेला आहे. मोहफुले वेचण्याचे दिवस वार्षिक परीक्षेच्या तोंडावर येतात आणि तेंदूपत्त्याचा हंगाम सुटीत. वास्ते निघतात तेव्हा पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद पडलेला असतो. सूर्य नेमका डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली नाहीशी होण्याचा शून्य सावलीचा दिवस चंद्रपूरला मेच्या तिसऱ्या आठवड्यात असतो, तेव्हा शाळेला कुलूप; तो जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुन्हा येतो, तेव्हा शाळा भरलेली असते आणि आभाळही.